‘नशीब समजा’ हे कोणी कोणाला सांगायचं?

मे महिन्यातल्या एका मंगळवारी पहाटे आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप जळाला. आधी नुसता घरघरला, मग मीटरच्या खोलीतून जळक्या वॉर्निशचा वास आला आणि सव्वासहाला वरच्या मजल्यांवरचे नळ फुसफुसून गप्प झाले. नेरूळमधली जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही. जमिनीतली टाकी काठोकाठ भरलेली, गच्चीवरची कोरडी आणि दोघींच्या मध्ये चार जिने. पाणी होतं, ते वर चढत नव्हतं एवढंच.

सोसायटीची सेक्रेटरी मी. राखीव म्हणून ठेवलेला दुसरा पंप दिवाळीपासून जाम होऊन पडलेला, आणि तो दुरुस्त करून घ्यायचं काम माझ्या वहीत ‘पुढच्या महिन्यात’ असं सहा वेळा लिहिलेलं. पुढे कुठे उपदेशाचा सूर लागला तर तो कोणाच्या तोंडून येतोय, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मेकॅनिकने मोटार उघडली आणि म्हणाला, “वाइंडिंग गेलंय.” तुर्भ्याला रिवाइंडिंगला टाकली, तर तिथे मे महिन्याची रांग, गुरुवारी संध्याकाळी मिळेल म्हणाले. शेजारच्या सोसायटीने आपला जादाचा पंप देऊ केला, पण त्याचे आणि आमच्या पाइपाचे आटे जुळेनात. तोवर ग्रुपवर दीडशे मेसेज झाले होते. मेन्टेनन्स कशाचा घेता, घरात पाहुणे आहेत, मुलाची सीईटी आहे, कमिटीने राजीनामा द्यावा. (द्यायला मी एका पायावर तयार होते, घ्यायला कोणी नव्हतं.) या गदारोळात सकाळी सहा चाळीसला एक सुविचार येऊन पडला होता. आमच्याकडचे एक काका तो रोज न चुकता पाठवतात. उगवता सूर्य, जोडलेले हात आणि मजकूर असा, की जे नाही त्याची तक्रार करण्यापेक्षा जे आहे त्याचे आभार माना. त्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने लिहिलं होतं, “काका, आज नको.”

वॉचमन मामांची रात्रपाळी सातला संपते. त्या दिवशी ते घरी गेले नाहीत. कोणी थांबा म्हटलं नव्हतं. टाकीचं झाकण उघडून, दोरीला बादली बांधून पाणी उपसायचं आणि दोन हातांत दोन बादल्या घेऊन वर चढायचं, असं त्यांनी सुरू केलं. जिथे म्हातारी माणसं आहेत तिथे आधी, मग हाक येईल तिथे. बुधवारी दुपारी काकांच्या दारात बादल्या टेकवताना ते म्हणाले, “साहेब, मीटिंगमध्ये माझं तेवढं बघा. दोन-तीनशे रुपये जास्तीचे मिळाले तर...” काका मायेनेच म्हणाले, “अहो मामा, आजच्या दिवसांत हाताला काम आहे, हेच नशीब समजा.”

मी अर्धा जिना खाली, वळणावर उभी होते. सगळं ऐकलं आणि काही बोलले नाही.

काका वाईट गृहस्थ नाहीत. वर्षातून दोनदा रक्तदान करतात. कोविडच्या टाळेबंदीत याच मामांना त्यांच्या घरून महिनाभर डबा जात होता. म्हणूनच ते वाक्य डोक्यात अडकून बसलं. सकाळचा सुविचार आणि दुपारचं वाक्य, दोन्हींचा अर्थ एकच, आहे त्यात समाधान मान. सकाळी तो उपदेश साऱ्या जगाला होता, दुपारी त्याला पत्ता मिळाला. आणि तो पत्ता दुसऱ्याचा होता.

रोजच्या गैरसोयींवरून कुरकुरणं सोडावं, कृतज्ञ राहायला शिकावं, असं हल्ली चहूकडून कानावर येतं. मला ते मान्य आहे. माझं भांडण आहे ते वाटणीशी. कृतज्ञता आपण दुसऱ्यांना वाटून टाकतो आणि तक्रारीचा हक्क तेवढा स्वतःकडे राखून ठेवतो. माझ्या मते हे बरोबर उलटं हवं. स्वतःच्या गैरसोयीला ‘असू दे’ म्हणावं आणि दुसऱ्याच्या गैरसोयीला ‘का म्हणून?’ विचारावं.

कृतज्ञतेचा फायदा होतो, हे खोटं नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहायच्या, पाचपर्यंत. दुसऱ्याने त्या आठवड्यातल्या कटकटी लिहायच्या. तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी. दहा आठवड्यांनी पहिल्या गटातल्या मुलांना, इतर दोन गटांच्या मानाने, आपलं आयुष्य जास्त बरं वाटत होतं, येणाऱ्या आठवड्याबद्दलही त्यांना जास्त आशा होती. आजच्या कृतज्ञतेच्या डायऱ्या, रात्री झोपताना तीन गोष्टी आठवा म्हणणारी अॅपं, हे सगळं अशा कामांच्या आधाराने उभं आहे. पण या प्रयोगातली एक साधी गोष्ट उपदेश करताना गळून पडते. तिथे प्रत्येकाने यादी केली ती स्वतःची. एकाने दुसऱ्याच्या वतीने कृतज्ञ व्हायचं, असा गट कोणी केला नव्हता. मामांनी आपल्या खोलीत बसून ‘हाताला काम आहे’ असं स्वतःच्या वहीत लिहिलं, तर कदाचित त्यांना बरं वाटेल. तेच आपण त्यांना ऐकवलं, तर बरं वाटतं ते आपल्याला, कारण तीनशे रुपये वाचलेले असतात.

आणि कृतज्ञता हा शब्द तरी काय सांगतो? कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. कृतज्ञ म्हणजे कोणी काय केलंय ते ज्याला ठाऊक आहे तो. शब्दात भावनेचा पत्ताही नाही, डोळ्यांतलं पाणी नाही, जोडलेले हात नाहीत. आहे ती माहिती. आपण मात्र माहितीचा भाग सोडून दिला आणि भावना तेवढी ठेवली. मी नेरूळमध्ये चोवीस वर्षं राहते. नळाचं पाणी कुठून येतं, असं त्या आठवड्यात कोणी विचारलं असतं तर ‘मोरबे’ एवढं उत्तर आलं असतं, आणि तेही वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात ‘मोरबे किती भरलं’ हे छापून येतं म्हणून. धरण रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, धावरी नदीवर आहे. स्वतःच्या मालकीचं धरण असणाऱ्या महापालिका राज्यात मोजक्या, त्यात आपली एक. दिवसाला ४५० दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता सांगतात. ते पाणी भोकरपाड्याला शुद्ध होतं आणि मग आपल्याकडे येतं. एवढी माहिती कोणालाही छातीवर मिरवता येते. पण ज्ञ व्हायचं तर पुढचंही जाणावं लागतं. त्या पाण्याखाली कोणाची तरी शेतं आणि घरं गेली आहेत, आणि मोरब्याचे धरणग्रस्त आपल्या मागण्यांसाठी पुन्हा पुन्हा आंदोलनाला बसत आले आहेत.

मग मी कृतज्ञ कशी व्हायचं? नळ सोडून हात जोडायचे? त्यांच्यापैकी कोणी आंदोलनाला बसला, की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया उमटते ती ‘आता आपलं पाणी तोडणार का?’ ही. ज्यांचे आभार मानायचे त्यांचीच तक्रार ऐकून आपण कुरकुरतो. केलेलं जाणत नाही म्हणूनच हे घडतं.

सगळी नवी मुंबईच अशी उभी आहे. १९७० साली सिडको हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या पंच्याण्णव गावांच्या जमिनींवर हे शहर आखलं गेलं. भातखाचरं गेली, मिठागरं गेली, खाडीवरची मासेमारी आक्रसली. १९८४च्या जानेवारीत उरण तालुक्यात जासईच्या परिसरात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. २०२१ साली विमानतळाला दिबांचं नाव हवं म्हणून इथलीच माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा आमच्या ऑफिसात एकाने विचारलं, “हे दि. बा. कोण?” तो नवी मुंबईतच, जुईनगरला राहतो. त्याला हसू नका, मलाही तेव्हा दोन वाक्यांपलीकडे काही सांगता आलं नव्हतं. आपल्याला गॅलरीतून दिसणारा मोकळा रस्ता, फूटपाथ, सेक्टरागणिक बाग, या सगळ्याबद्दल ‘नवी मुंबई कशी नीटनेटकी’ असं पाहुण्यांपुढे आपण म्हणतो. त्यात अभिमान आहे. कृतज्ञता असती तर करावे, शिरवणे, सारसोळे ही गावं आपल्याला ‘सेक्टरच्या मागची वस्ती’ वाटली नसती.

आता उलटी बाजू. माझी म्हणून जी गैरसोय आहे तिला मी ‘असू दे’ म्हणावं, यात कोणाचं काही जात नाही, उलट माझा दिवस बरा जातो. मी रोज नेरूळहून ठाण्याला कामाला जाते. ट्रान्सहार्बरची गाडी २००४ साली सुरू झाली. त्याआधी गाडीनेच जायचं तर कुर्ल्याला उलटा वळसा. आज अर्ध्या-पाऊण तासात मी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या गर्दीत उतरते आणि उतरताना माझं तोंड वाकडं असतं. याच ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी आली. चौतीस किलोमीटर, चौदा डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित, निघताना तोफांची सलामी. आम्हाला रोज कोण सलामी देणार? पण रविवारच्या मेगाब्लॉकच्या बातमीला नाक मुरडण्याआधी तिथे काय चाललेलं असतं ते एकदा पाहावं. मी पाहिलंय, कारण ब्लॉकमध्ये अडकलेल्या गाडीच्या खिडकीत बसले होते. भर दुपारचे बारा, खडी तापून वाफ येतेय, नारिंगी जाकिटातली पंधरा-वीस माणसं एका सुरात हाळी देत रूळ सरकवतायत, आणि एक बाई पांढऱ्या गमछाने डोकं बांधून खडी उपसतेय. सव्वा तास लागला. मी चिडले नाही. एरवी चिडले असते. फरक पडला तो फक्त दिसलं म्हणून. दर दिवशी रुळाच्या कडेने हातोडी घेऊन चालत जाणारा, रूळ धरून ठेवणारी सैल झालेली लोखंडी चावी ठोकून घट्ट करणारा की-मॅन कोणाला दिसतो? गाडी रुळावरून घसरत नाही, हे त्याचं काम, आणि न घडलेल्या गोष्टीचे आभार मानणं फार अवघड.

इथपर्यंत काका माझ्याशी सहमत होतील. पुढे होणार नाहीत.

९ जून २०२५ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले. अशा वेळी ‘गाडी आहे हेच नशीब’ असं म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू? असं थेट कोणी म्हणत नाही, पण गोंडस शब्दांत म्हणतात. मुंबईकरांचं स्पिरिट. जुलै २००६मध्ये गाड्यांत बॉम्बस्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा गाडीत चढले, तेव्हा या शब्दाचं केवढं कौतुक झालं! कल्याण-डोंबिवलीच्या, दिव्याच्या माणसाला विचारा, दुसऱ्या दिवशी का गेलास? खाडा पडतो म्हणून. त्याच्या नाइलाजाला आपण शौर्याचं नाव दिलं आणि त्याची तक्रार त्या नावाखाली गाडून टाकली. दुसऱ्याला समाधानी ठरवण्याची ही सगळ्यात गोड पद्धत.

ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका पूर्ण होऊन सुरू झाली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. त्याच्या आधीची वर्षं लोक निवेदनं देत होते, आंदोलनं करत होते. दिव्याला तर जानेवारी २०१५मध्ये उद्रेकच झाला; दगडफेक झाली, जाळपोळ झाली, जे मला कधीही पटणार नाही. पण मला टोचतं ते वेगळंच. ठाण्याच्या पुढे न जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्या सगळ्या काळात दिव्याबद्दल काय केलं? दिव्याची माणसं आमच्या डब्यात घुसतात, एवढी तक्रार केली.

एकच खड्डा घ्या. घोडबंदर रोडवर पावसाळ्यात तो कुठेही भेटेल. गाडीतल्या माणसाचा चहा सांडतो, मागे बसलेली आजी ‘अगं बाई’ म्हणते. दुचाकीवरचा माणूस मात्र त्याच खड्ड्यात आडवा होतो आणि मागून कंटेनर येत असतो. तक्रार दोघांचीही आहे, पण एकाची चहाची आहे आणि एकाची जिवाची. गाडीवाल्याने स्वतःपुरतं ‘असू दे’ म्हणावं, सांडलेला चहा पुसावा. आणि फोन उचलून, ठिकाण लिहून, फोटो काढून तक्रार नोंदवावी ती दुचाकीवाल्यासाठी. फोटो तोच, रकाना तोच, पण कोणासाठी लिहितोय हे डोक्यात असलं की माणूस ‘वैतागलोय’ लिहीत नाही. खड्डा कुठे आहे, किती खोल आहे, रात्री दिवा आहे की नाही, हे लिहितो. कुरकुरीला तपशील लागत नाही, म्हणून तर ती सोपी असते. शिवाय ती नेहमी चुकीच्या दारात जाते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पार्सल उशिरा आलं की पोरगेल्या डिलिव्हरीवाल्यावर, गाडी उशिरा आली की तिकीट खिडकीतल्या बाईवर, पंप जळाला की वॉचमनवर.

तक्रारीचं कायदेशीर सामान आपल्याकडे कमी नाही. माहितीचा अधिकार २००५चा आहे, राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५चा. ठरावीक दिवसांत सेवा मिळाली नाही तर अपील करता येतं. हे वापरतं कोण? ज्यांना वेळ आहे आणि अर्ज लिहिता येतो ते, म्हणजे आम्ही. आणि आम्ही वापरतो ते बहुतेक वेळा स्वतःच्या दाखल्यासाठी.

याला एक थोर अपवाद आपल्याच बाजूला होऊन गेला. मृणाल गोरे गोरेगावच्या पाण्यासाठी भांडल्या म्हणून त्या ‘पाणीवाली बाई’ झाल्या. १९७२च्या दुष्काळानंतर महागाई भडकली, तेव्हा अहिल्या रांगणेकर आणि इतर बायकांबरोबर त्यांनी महागाईविरोधी आघाडी उभी केली. घराघरांतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७७ला मृणालताई लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा गाजली. आता, मृणालताई स्वतः पाण्याअभावी तडफडत होत्या म्हणून भांडत नव्हत्या. आणि साध्या राहणीबद्दल त्यांनी कधी कुरकुर केल्याचं कोणी सांगत नाही. ‘असू दे’ आणि ‘का म्हणून’ हे एकाच माणसात कसे नांदतात, याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात मोठं उदाहरण. सगळ्यात जवळचं म्हणाल तर ती माझी आई.

ठाण्यात चरईतल्या चाळीत आम्ही वाढलो. नळ अंगणात, पाणी पहाटे चारला. आई उठायची, भरायची, कोणी हळहळलं तर म्हणायची, “असू दे, पहाटे गार वाटतं.” तीच आई रेशनच्या दुकानात, शेजारच्या एकट्या आजींना खडेवाला गहू कमी मापाने मिळाला म्हणून, पाऊण तास काउंटरला हात टेकवून उभी राहिली होती. मागची रांग ओरडत होती. “का म्हणून? त्यांना का म्हणून?” एवढंच परत परत. मी शरमेने शेजारच्या वाण्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले. माप परत झालं. घरी आल्यावर तिने आमचाही गहू निवडायला घेतला. त्यातही तेवढेच खडे होते. आमच्या गव्हाबद्दल ती अवाक्षर बोलली नव्हती.

ही गोष्ट मी बरीच वर्षं कौतुकाने सांगत आले. हल्ली सांगताना अडखळते. कारण आईने स्वतःच्या गुडघ्यांनाही ‘असू दे’ म्हटलं. वीस वर्षं म्हटलं. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी एक्स-रे उजेडात धरून आमच्याकडे असं पाहिलं, की आम्ही चौघं भावंडं खाली बघायला लागलो. तिचं ‘असू दे’ आम्हाला फार सोयीचं होतं. मी वर म्हटलं की स्वतःच्या त्रासाला ‘असू दे’ म्हणावं. त्या म्हणण्यात हे भगदाड आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जो सगळ्यांत खाली उभा आहे, तो ‘असू दे’ म्हणतो, तेव्हा वरच्यांना ते खरंच वाटतं. घरात ती जागा बहुतेक वेळा बाईची असते. हे भगदाड बुजवण्याचा उपाय, आईने स्वतःच तक्रार करायला हवी होती, हा नाही. तिच्यासाठी ‘का म्हणून’ विचारायचं काम आमचं होतं. एकाने ‘असू दे’ म्हणायचं तर दुसऱ्याने ते ऐकून गप्प बसायचं नाही. हा सौदा दोन्ही बाजूंनी पाळला तरच चालतो.

लोक म्हणतील, दुसऱ्याच्या वतीने बोलणारे तुम्ही कोण? त्यांना तोंड नाही का? असतं. बुधवारी दुपारी मामांनी स्वतःच्या तोंडाने, स्पष्ट मराठीत, आकड्यासकट सांगितलं होतं. कमी होता तो दुसरा आवाज, आणि तो जिन्याच्या वळणावर गप्प उभा होता. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचंही तसंच. त्या तीन दिवसांत त्यांनी एका बादलीत आमची सगळी भांडी उरकली. विसळायचं पाणी दुसऱ्या घमेल्यात साठवून पहिली घासणी त्यातच. मी म्हटलं, “मावशी, कसं जमतं हो?” त्या म्हणाल्या, “ताई, आमच्याकडं रोजचंच हाय.” त्या तुर्भे स्टोअरच्या वस्तीत राहतात. मी त्यांचं कौतुक केलं. कौतुकच केलं, पुढे काही विचारलं नाही. रात्री जेवताना नवऱ्याला अभिमानाने सांगितलं, की इतरांचा आरडाओरडा चालू आहे, आपण बघ, दिवसाला दोन-तीन बादल्यांत भागवतोय.

गुरुवारी रात्री नऊला मोटार आली. बसवली, चालू केली, नुसतीच फिरली; पाइपात हवा धरली होती. मामांनी तांब्यातांब्याने पाणी ओतून प्रायमिंग केलं, बोल्ट आवळला, आणि गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, “आलं!” ग्रुपवर टाळ्या, हात, फुगे. तासाभरात सगळं शांत.

पुढच्या रविवारी मीटिंग झाली. पंप कोणामुळे जळाला यावर चाळीस मिनिटं गेली, दुसरा पंप का पडून होता यावर वीस, आणि ती वीस मला लागलीही. ‘मामांचे जादा पैसे’ हा विषय मी अजेंड्यावर पाचवा घातला होता. पहिला घालायचं धाडस झालं नव्हतं. तोवर अर्धी माणसं उठायच्या बेतात होती. खजिनदार म्हणाले, द्यायला ना नाही, पण हिशेबात काय दाखवू? किती बादल्या झाल्या? कोणालाच माहीत नव्हतं. पाणी नेमके किती तास नव्हतं, ते मात्र प्रत्येक जण सांगू शकत होता. काका म्हणाले, “साधारण चाळीस-पन्नास धरा.”

मामांना बोलावलं. त्यांनी सोबत पाहुण्यांच्या नोंदीची वही आणली होती. शेवटून उलटी उघडली. मागच्या पानावर पेन्सिलीने उभ्या रेघा मारून खोलीवार मांडणी केलेली, प्रत्येक नंबरापुढे पाच-पाचच्या गठ्ठ्यांत काट्या. खजिनदारांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एकशे एक, चार. एकशे दोन, काही नाही. दोनशे तीन, सहा. काकांच्या नंबरापुढे नऊ.

तीनशे चार माझा. त्यांनी बोट ठेवून दोनदा मोजलं.

“सतरा,” ते म्हणाले.